हिरवा ठिपका

शुक्रवारी दुपारी यंग्सटाउनच्या बँकेत
नादीन काउंटरखालून पेटी सरकवते.
पंचवीस डॉलर. अडीच हजार सेंट.
सहा महिन्यांच्या बाळाएवढं वजन.
"मिस्टर हुडाक, सापडला का खजिना?"
अकरा वर्षं हाच प्रश्न.
अकरा वर्षं मी टोपी उचलून सांगतो,
"पुढच्या पेटीत."

घरी टेबलाची वाटणी ठरलेली :
खिडकीकडची बाजू ओल्गाच्या पिरोहींना,
दाराकडची मला.
तिच्या बोटांना पीठ, माझ्या बोटांना तांब्याचा काळा वास.
"त्या हातांनी माझ्या कणकेला शिवायचं नाही,"
एवढाच काय तो आमचा संसार
टेबलाच्या मधल्या फटीवर भांडतो.

कागदी नळी फोडावी,
नाणी घरंगळू द्यावीत,
आणि आधी डोळे मिटून ऐकावं.
ब्याऐंशीच्या आधीचं तांबं खणखणतं,
नंतरचं जस्त बद्द वाजतं,
सर्दी झालेल्या माणसासारखं.
तीस वर्षं शाळेची बस चालवली मी;
मागच्या बाकावर कोण खोकतंय, हे आरशात न बघता कळायचं.
तोच कान.

मग भिंग.
सन, अक्षरं, दाढी, कड.
सन, अक्षरं, दाढी, कड.
पाहून झालं की पाठीवर शाईचा लाल ठिपका,
म्हणजे हे माझ्या नजरेखालून गेलं.
सोमवारी सगळी नदीपलीकडच्या दुसऱ्या बँकेत.
गावभर फिरतात माझी लाल टिकलीवाली नाणी,
डोनटच्या दुकानात, चर्चच्या पेटीत,
कुणाच्या गाडीत सीटखाली.

गेल्या हिवाळ्यात हिरवे ठिपके येऊ लागले.

म्हणजे या गावात आणखी कुणी आहे!
कुणी आहे, ज्याच्याही टेबलावर
रात्री अकराला दिवा चालू असतो.
रांगेत मी लोकांची नखं बघू लागलो.
तो लोकरीची टोपीवाला? ती नर्स?
त्याच्या हातून गेलेल्या नळ्या फोडताना
उष्ट्या ताटावर बसल्यासारखं वाटायचं.

आणि काल, एकतिसाव्या नळीत,
बहात्तर साल.
वाटलं, डोळ्यांत पाणी आलंय. चष्मा पुसला.
नाही. पाणी धातूतच होतं :
लिबर्टी दोनदा लिहिलेली,
एकीच्या खांद्यावरून दुसरी डोकावणारी,
आकडेही तसेच, जुळे.
फिलाडेल्फियात कधीतरी एक साचा
दुसऱ्यांदा दाबताना केसभर सरकला होता,
आणि तो केसभर
माझ्या तळहातावर येऊन थांबला होता.

छातीत बसचा जुना ब्रेक लागला.
"ओल्गा," म्हटलं. दुसरा शब्द फुटेना.
ती पिठाच्या हातांनीच आली, वाकली,
आणि पहिल्यांदाच फटीच्या अलीकडे उभी राहिली.

मग मी नाणं उलटं केलं.
पाठीवर हिरवा ठिपका.

त्याने हे हातात घेतलं होतं!
दिव्याखाली धरलं होतं, पाहिलं होतं.
गव्हाच्या ओंब्या शोधत असणार बिचारा,
त्या असतात पाठीला.
पाठ बघून सोडून दिलं.
तोंड पाहिलंच नाही.

मी हसलो. मोठ्यानं, ओल्गा दचकेल इतकं.
हसू अर्ध्यातच थांबलं.

अकरा वर्षं. दर शुक्रवारी एक पेटी.
त्यातल्या कितीदा मी दमलो होतो,
कितीदा रेडिओवर मॅच रंगात होती,
कितीदा दाढी पाहिली आणि कड राहिली?
नदीपलीकडे, कुणाच्या टेबलावर,
माझा लाल ठिपका बघून
आत्ता कोण हसत असेल?

ठिपका पुसायचा नाही, घासायचं नाही,
नाणं जसं आलं तसं ठेवायचं, हा नियम.
हिरव्या ठिपक्यासकट ते कपाटात आहे.

आज सोमवार. नाणी परत करायचा दिवस.
मी नदीपलीकडे गेलो,
तिथला पोरगा यंत्र लावायला उठला, तर म्हटलं,
"आज द्यायला नाही आलो, बाळ.
लाल ठिपके असलेली आहेत का काही?
माझीच आहेत.
मला ती पुन्हा बघायचीत."